माणसांपासून मतदारसंघापर्यंत : अमेरिकेच्या जनगणना-माहितीसेवेचे जयगडच्या वर्गातून केलेले परीक्षण

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात जयगड खाडीच्या काठी आहे. प्रत्येक वर्गात पाच-सहा मुलांचे वडील ‘शिपिंगला’ असतात, म्हणजे मालवाहू किंवा तेलवाहू जहाजांवर काम करतात, आणि वर्षातले सात-आठ महिने घरच्यांना त्यांचा ठावठिकाणा बंदराच्या नावावरूनच कळतो. गेल्या वर्षी नववीतील एका मुलीने राज्यशास्त्राच्या तासाला विचारले, “बाई, बाबांचं जहाज ह्यूस्टनला लागलंय. तिथे पण नगरपालिका असते का? नगरसेवक कोण निवडतं?” टेक्सास राज्यातील ह्यूस्टन हे न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस आणि शिकागो यांच्यानंतरचे अमेरिकेतील चौथ्या क्रमांकाचे मोठे शहर आहे आणि त्याचे बंदर समुद्रापासून सुमारे 80 किलोमीटर आत, 1914 साली खुल्या झालेल्या जलमार्गावर आहे, एवढे मला सांगता आले. पुढचे उत्तर शोधताना मी अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या ‘डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह’ या माहितीसेवेपर्यंत पोहोचले. त्यानंतर वर्षभर तिचा वर्गात नियमितपणे उपयोग केला. समाजशास्त्रे शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांना ही सेवा कितपत उपयोगी पडेल, हे त्या अनुभवावरून मांडत आहे.

ही सेवा पूर्णपणे विनामूल्य आहे आणि तक्ते पाहण्यासाठी नावनोंदणी करावी लागत नाही. ‘अमेरिकन फॅक्टफाइंडर’ ही जुनी सेवा 2020 च्या मार्चअखेर बंद झाली आणि तिची जागा हिने घेतली. नवख्या माणसाने मात्र थेट येथे न येता आधी ‘क्विकफॅक्ट्स’ या सोप्या पानावर जावे. 5,000 किंवा त्याहून अधिक वस्तीच्या कोणत्याही गावाची वा शहराची लोकसंख्या, शिक्षण, घरे आणि उत्पन्न यांची मुख्य आकडेवारी तेथे एकाच तक्त्यात मिळते. ते पान ओळखीचे झाले की मूळ सेवेतील हजारो तक्त्यांकडे वळता येते. तेथे प्रत्येक तक्त्याला ठरलेला क्रमांक असतो. शिक्षणासाठी एस 1501, मतदानाच्या वयाच्या नागरिकांसाठी एस 2901 आणि वय, लिंग व वंशासाठी डीपी 05 हे तीन क्रमांक मुलांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले, आणि शोधण्याचा निम्मा वेळ वाचला.

आधी एका चुकीबद्दल सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळेच या सेवेची शिस्त आम्हाला कळली. बाजारात मिळणाऱ्या एका तयार प्रकल्पपुस्तिकेत ह्यूस्टनची लोकसंख्या 71 लाख छापली होती, तर मुलांना सेवेत 23 लाख सापडली. दोन्ही आकड्यांना आधार होता. पुस्तिकेने तो कशाचा हे लिहिले नव्हते, एवढाच दोष. 2020 च्या गणनेत ह्यूस्टन शहराच्या हद्दीत 23,04,580 माणसे होती, शहराचा बहुतांश भाग ज्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येतो तेथे 47,31,145, आणि आजूबाजूच्या काउंट्या धरून होणाऱ्या महानगर क्षेत्रात 71,22,240. या सेवेत कोणताही तक्ता उघडताना आधी भौगोलिक क्षेत्र निवडावे लागते, आणि निवडलेले क्षेत्र तक्त्याच्या माथ्यावर कायम दिसत राहते. रत्नागिरी म्हटल्यावर शहर, तालुका, जिल्हा की लोकसभा मतदारसंघ, हा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. ही सेवा तो प्रत्येक वेळी विचारायला लावते, आणि वर्गात शिकवण्यासारखी याहून मोलाची सवय मला दुसरी सुचत नाही.

शहरात कोण राहते, या प्रश्नाचे उत्तर मुलांसाठी नवलाचे ठरले. ह्यूस्टनमध्ये कोणत्याही एका समूहाचे बहुमत नाही. सर्वांत मोठा समूह हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतले असलेल्या लोकांचा, सुमारे 44 टक्के. त्याखालोखाल हिस्पॅनिक नसलेले गोरे आणि कृष्णवर्णीय, दोन्ही शेकडा वीस ते पंचवीसच्या दरम्यान. आणि सुमारे सात टक्के आशियाई. प्रत्येक दहा रहिवाशांपैकी जवळपास तिघांचा जन्म अमेरिकेबाहेर झालेला आहे, आणि जवळजवळ निम्म्या लोकांच्या घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाते. येथे वाचकाने एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. अमेरिकेच्या गणनेत आतापर्यंत वंश आणि हिस्पॅनिक मूळ असे दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आहेत, त्यामुळे एकच माणूस दोन ओळींत येतो आणि तक्त्यातील सर्व ओळींची बेरीज केल्यास ती शंभराच्या वर जाते. हे दोन प्रश्न एकत्र करण्याचा निर्णय 2024 च्या मार्चमध्ये झाला आहे, तेव्हा पुढच्या गणनेचे तक्ते वेगळे दिसण्याची शक्यता आहे. खुद्द भारतीयांची नोंदही अशीच बदलत आली आहे. 1970 च्या गणनेत त्यांना गोऱ्यांमध्ये धरले होते. 1980 पासून त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना आला. भाषांच्या सविस्तर तक्त्यात मराठी आहे, पण एकटी नाही: ‘नेपाळी, मराठी व इतर इंडिक भाषा’ अशा एकाच ओळीत तिची मोजणी होते. आपल्या भाषेचे नाव त्या तक्त्यात वाचून वर्गाला झालेला आनंद मात्र या वाटणीमुळे कमी झाला नाही.

मला या सेवेचा सर्वांत आवडलेला गुण म्हणजे ती प्रत्येक अंदाजाबरोबर त्याची त्रुटीमर्यादाही छापते. लोकसंख्येची मोजदाद दहा वर्षांनी होते, पण शिक्षण, भाषा, जन्मस्थान, नागरिकत्व ही माहिती ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या पाहणीतून येते, आणि ती पाहणी दरवर्षी सुमारे 35 लाख पत्त्यांवर केली जाते. सगळ्यांना विचारलेले नसल्यामुळे मिळालेला आकडा हा अंदाज असतो, आणि तो इतक्याने कमी-अधिक असू शकतो हे 90 टक्के खात्रीच्या पातळीवर त्याच्याच शेजारच्या रकान्यात दिलेले असते. हे नववीच्या मुलांना कसे समजवावे, याची मला चिंता होती. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी विकणाऱ्या एका बाईंच्या मुलीने ती दूर केली. ती म्हणाली, “बाई, आई लिलावात ढीग बघून किती किलो भरेल ते सांगते, पण दोन-चार किलो इकडेतिकडे होणार हे तिला ठाऊक असतं. लहान वाटा असला तर अंदाज जास्त चुकतो.” पाहणी जितक्या कमी लोकांची, तितकी त्रुटीची मर्यादा रुंद, हे तत्त्व तिने माझ्याआधी वर्गाला सांगितले. म्हणूनच एका वर्षाच्या पाहणीचे आकडे 65,000 किंवा त्याहून अधिक वस्तीच्या क्षेत्रांसाठीच प्रसिद्ध होतात, आणि लहान गावांसाठी पाच वर्षांच्या पाहण्या एकत्र केल्या जातात.

शिक्षणाच्या बाबतीत एस 1501 हा तक्ता 25 वर्षांवरील लोकांनी कुठवर शिक्षण घेतले ते सांगतो. ह्यूस्टनमध्ये अशा दर पाच जणांपैकी सुमारे चौघांनी शालान्त शिक्षण पूर्ण केले आहे, आणि दर तिघांपैकी एकाकडे पदवी आहे. राइस विद्यापीठ, ह्यूस्टन विद्यापीठ आणि टेक्सास सदर्न विद्यापीठ ज्या शहरात आहेत, जेथे जगातील मोठ्या वैद्यकीय संकुलांपैकी एक उभे आहे, तेथे शालान्त पायरीपर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रमाण एवढे का, हे हाच तक्ता वंशनिहाय उलगडून पाहिल्यावर दिसू लागते. शाळेत न गेलेले किंवा अर्ध्यावर शाळा सोडलेले बरेचसे प्रौढ स्थलांतरित आहेत. त्यांच्या मुलांसाठी कायदा वेगळा आहे: टेक्सासमधूनच गेलेल्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येणार नाही असा निकाल दिला.

शाळा कोण चालवते, हा मुलांचा पुढचा प्रश्न होता. अमेरिकेत शाळांचा कारभार बहुधा नगरपालिकेकडे नसतो. त्यासाठी स्वतंत्र शालेय जिल्हे असतात, त्यांच्या सीमा शहराच्या सीमांशी जुळत नाहीत, आणि त्यांचे विश्वस्त मतदार निवडतात. ह्यूस्टन शहरातच ह्यूस्टन, अलीफ, ऑल्डिन, स्प्रिंग ब्रांच असे अनेक शालेय जिल्हे शिरलेले आहेत. जनगणना-सेवेत शालेय जिल्हा हेही एक क्षेत्र म्हणून निवडता येते, आणि ही सोय मला फार महत्त्वाची वाटली. टेक्सासमधील सर्वांत मोठ्या ह्यूस्टन शालेय जिल्ह्याच्या नऊ निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार 1 जून 2023 पासून राज्याच्या शिक्षण विभागाने नेमलेल्या मंडळाकडे गेले. एखादी शाळा लागोपाठ पाच वर्षे नापास ठरली तर राज्याने हस्तक्षेप करावा, असा कायदा 2015 साली झाला होता, आणि फिलिस व्हीटली हायस्कूलच्या निकालांवरून तो लागू झाला. मतदारांनी निवडायचे आणि कारभार नेमलेल्यांनी करायचा, ही स्थिती आमच्या मुलांना समजावून सांगावी लागली नाही. महाराष्ट्रातील अनेक नगरपरिषदांवर आणि जिल्हा परिषदांवर 2022 पासून कित्येक वर्षे प्रशासक होते, हे त्यांनी घरी ऐकलेले होते.

मूळ प्रश्न नगरसेवकांचा होता, आणि त्याचे उत्तर शोधताना या सेवेतील आकडे प्रत्यक्षात काय करतात ते कळले. ह्यूस्टनच्या नगरपरिषदेत 16 सदस्य आहेत: 11 प्रभागांतून आणि पाच संपूर्ण शहरातून. महापौर मतदारांकडून थेट निवडला जातो, निवडणूक पक्षचिन्हांशिवाय होते, आणि 2015 च्या मतदानानंतर कोणालाही चार वर्षांच्या दोनपेक्षा अधिक मुदती मिळत नाहीत. 2024 च्या जानेवारीपासून जॉन व्हिटमायर महापौर आहेत. परंतु हे 11 प्रभाग आपोआप आलेले नाहीत. 1979 पर्यंत सर्व आठ सदस्य संपूर्ण शहरातून निवडले जात, आणि संपूर्ण शहराच्या मतदानात अल्पसंख्य वस्त्यांचे उमेदवार क्वचितच टिकत. वंशावरून मताचा हक्क डावलण्यास मनाई करणाऱ्या मतदानहक्क कायद्याच्या दबावाखाली त्या वर्षी नऊ प्रभाग निर्माण झाले, आणि शहराची लोकसंख्या 21 लाखांवर गेली की आणखी दोन प्रभाग जोडायचे असे ठरले.

मग 2010 ची गणना आली. आकडा निघाला 20,99,451. ठरलेल्या मर्यादेला 549 माणसे कमी पडली. मी हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही, कारण आमच्या दोन वाड्या मिळून जवळपास तेवढीच माणसे भरतात. नगरपरिषदेने अखेर दोन प्रभाग वाढवलेच आणि 2011 ची निवडणूक 11 प्रभागांत झाली. परंतु गणनेतील दोन वाड्यांएवढ्या माणसांवरून दोन जागांचा प्रश्न उभा राहिला, हे मुलांना कायमचे समजले. जनगणना म्हणजे शिक्षकांना सुट्टीत लावले जाणारे काम, अशी जी समजूत आपल्या घराघरांत आहे, ती दूर करायला माझ्याजवळ याहून चांगले उदाहरण नाही.

मोजायचे तरी कोणाला, हा पुढचा वादही या तक्त्यांतून नीट दिसतो. मतदारसंघ आखताना मतदारच तेवढे धरायचे, की मुले आणि नागरिक नसलेले रहिवासीसुद्धा? टेक्सासमधील दोन मतदारांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि 2016 च्या ‘एव्हनवेल विरुद्ध ॲबट’ निकालात न्यायालयाने एकूण लोकसंख्येवरून मतदारसंघ आखणे योग्य ठरवले. माझे मत स्पष्टपणे या निकालाच्या बाजूचे आहे: शाळा, पाणी आणि रस्ता बालकालाही लागतो, मग त्याच्या वस्तीचा प्रतिनिधी त्याला मोजूनच ठरला पाहिजे. मात्र मोजले जाणे आणि मत देता येणे यांतले अंतरही डोळ्यांआड करता येत नाही. डीपी 05 आणि एस 2901 हे दोन तक्ते शेजारी ठेवले की ते अंतर उघड होते, कारण हिस्पॅनिक लोकांचा रहिवाशांतील वाटा मोठा असला तरी मतदानाच्या वयाच्या नागरिकांतील वाटा त्याहून बराच लहान आहे. ह्यूस्टनमधील संसदेचा 29 वा मतदारसंघ 1990 च्या दशकाच्या आरंभी हिस्पॅनिक बहुमत व्हावे म्हणून आखला गेला, तरी 1993 पासून 2019 पर्यंत तेथून जीन ग्रीन हे हिस्पॅनिक नसलेले प्रतिनिधी निवडून येत राहिले. सिल्व्हिया गार्सिया 2018 साली निवडून आल्या, तेव्हा टेक्सासमधून संसदेत जाणाऱ्या पहिल्या दोन हिस्पॅनिक महिलांपैकी त्या एक ठरल्या. शेजारच्या 18 व्या मतदारसंघातून बार्बरा जॉर्डन या कृष्णवर्णीय महिला 1972 सालीच निवडून आल्या होत्या. एकाच शहरात दोन समूहांच्या वाट्याला प्रतिनिधित्व येण्यात एवढ्या वर्षांचा फरक का पडला, यावर मुलींनी दोन तास चर्चा केली, आणि वय, नागरिकत्व, मतदारनोंदणी ही कारणे त्यांनी तक्त्यांवरूनच काढली. हॅरिस काउंटीत मतपत्रिका इंग्रजीबरोबर स्पॅनिश, व्हिएतनामी आणि चिनी भाषांतही असते. ती कोणत्या भाषांत द्यायची, हेही जनगणना विभागाच्या याच आकड्यांवरून दर पाच वर्षांनी ठरवले जाते.

सेवेच्या मर्यादांबद्दल वाचकाने सावध असावे. नगरपरिषदेचे प्रभाग हे जनगणना विभागाच्या नेहमीच्या क्षेत्रांत मोडत नाहीत, त्यामुळे संसदेचा किंवा विधिमंडळाचा मतदारसंघ येथे निवडता येतो, पण शहराच्या अमुक प्रभागात कोण राहते हे शहराच्या नियोजन विभागाच्या नकाशांशी ताडून पाहावे लागते. त्यातही 2025 साली टेक्सासच्या विधिमंडळाने दशकाच्या मधेच संसदेच्या मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, म्हणून मतदारसंघाचा तक्ता वाचताना तो कोणत्या वर्षाच्या सीमांवर आधारलेला आहे हे आधी पाहावे. धर्म विचारलाच जात नाही, तेव्हा त्याविषयी येथे काही शोधू नये. अगदी लहान गटाचे आकडे, म्हणजे एका गल्लीतील घरांचे, अचूक समजू नयेत; व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून 2020 च्या गणनेत अशा आकड्यांत मुद्दाम किंचित फेरफार केलेला आहे. माणसांच्या नावांसह मूळ नोंदी तर 72 वर्षांनीच खुल्या होतात. 1950 च्या नोंदी 2022 च्या एप्रिलमध्ये खुल्या झाल्या.

विभागाने स्वतःच्या चुकीचीही मोजणी करून ती जाहीर केली आहे, आणि माझा विश्वास याच गोष्टीने सर्वाधिक वाढवला. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीनुसार 2020 च्या गणनेत देशभरातील हिस्पॅनिक लोकांची मोजणी 4.99 टक्क्यांनी कमी झाली होती, आणि टेक्सास राज्याची 1.92 टक्क्यांनी. ह्यूस्टनसारख्या शहराचा 44 टक्क्यांचा आकडा हे लक्षात ठेवूनच वाचायला हवा.

या सगळ्यानंतर मुले रत्नागिरीकडे वळली, हे मला सर्वांत समाधानाचे वाटते. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये 16,15,069 होती, म्हणजे 2001 च्या 16,96,777 पेक्षा कमी, आणि दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. मुंबईला किंवा जहाजावर गेलेले वडील आणि मामा त्या एका आकड्यात दिसतात, हे एका मुलाने न विचारता सांगितले. परंतु हे आकडे 2011 चे आहेत. 2021 ची गणना झालीच नाही, आणि आता ती 1 मार्च 2027 हा संदर्भदिवस धरून व्हायची आहे. ज्या मुलांनी हे प्रश्न विचारले, त्यांपैकी अनेकजण अद्याप आपल्या देशाच्या गणनेत मोजलेले नाहीत. ह्यूस्टनच्या 549 माणसांचा हिशेब लावणाऱ्या वर्गाला हे सांगताना मला वाईट वाटले, आणि ते मी मुलांपासून लपवले नाही.

सेवा वापरू इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी एवढेच सांगते की सर्व मजकूर इंग्रजीत आहे, म्हणून आठवी-नववीच्या मुलांना रकान्यांची नावे आधी मराठीत करून द्यावीत. आमच्या शाळेत या कामाला तीन तास लागले. पावसाळ्यात वीज आणि जोडणी दोन्ही भरवशाची नसतात, म्हणून हवे ते तक्ते आदल्या दिवशी एक्सेलमध्ये उतरवून ठेवावेत. सेवेत तशी सोय आहे. एका वेळी एकच शहर आणि तीनच तक्ते घ्यावेत. मुलींनी केलेला ह्यूस्टनचा तक्ता आता वर्गाच्या भिंतीवर आहे आणि त्याचे छायाचित्र एका जहाजावरही पोहोचले आहे. शेजारी रत्नागिरी जिल्ह्याचा तक्ता लावला आहे. त्यात 2001 आणि 2011 चे रकाने भरलेले असून तिसऱ्या रकान्यावर पेन्सिलीने 2027 लिहून खालची जागा मोकळी ठेवली आहे.